पंचाची चूक आणि गावाचा अबोला

पत्रलेखक रायगड जिल्ह्यातील एका गावात राहतात, प्राथमिक शाळेत शिकवतात आणि कबड्डीची पंच परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून गेली १८ वर्षे स्पर्धांना पंच म्हणून जातात. गावच्या जत्रेनिमित्त झालेल्या प्रकाशझोतातील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्याच गावाचा संघ पोहोचला. नेमलेल्या पंचांपैकी एकांना घरून निरोप आल्यामुळे अचानक जावे लागले आणि मंडळाच्या आग्रहावरून हे उभे राहिले. गाव २४-२५ असे मागे असताना त्यांचा सख्खा पुतण्या शेवटच्या चढाईला गेला. बचावपटूला स्पर्श होण्यापूर्वीच त्याचा पाय राखीव क्षेत्रात (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) पडला असा निर्णय यांनी दिला, पुतण्या बाद झाला आणि गाव सामना हरले. तीन दिवसांनी कोणीतरी मोबाईलवर टिपलेली चित्रफीत फिरू लागली. तीत पाय पडण्याच्या किंचित आधी पुतण्याची बोटे बचावपटूच्या खांद्याला लागलेली दिसतात. तेव्हापासून थोरले भाऊ बोलत नाहीत, पालखीला खांदा द्यायला यांना कोणी बोलावले नाही, आणि ‘बाहेर मोठेपणा मिळवण्यासाठी घरच्या पोराचा बळी दिला’ असे मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर उघडपणे लिहिले जाते. पुतण्याने मात्र एक अक्षरही काढलेले नाही. पत्रलेखक विचारतात: ‘मी माफी मागावी का? आणि पंचगिरी सोडावी का?’

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देते, कारण तुम्ही पाच आठवडे धड झोपलेला नाहीत आणि तुम्हाला शेवटपर्यंत वाट पाहायला लावणे मला पटत नाही. चूक झाली हे कबूल करा, आणि आता उशीर करू नका. पंचाचे काम सोडू नका. आपल्या गावाच्या सामन्याला मात्र, कोणी कितीही गळ घातली तरी, पुन्हा उभे राहू नका.

तुमच्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधून लादल्या गेल्या आहेत. तुमचा निर्णय चुकला, ही एक गोष्ट; तुम्ही जाणूनबुजून घरच्या पोराला बाद केले, ही दुसरी. पहिली खरी आहे आणि ती तुम्हाला चित्रफीत पाहिल्याबरोबर कळली. दुसरी खोटी आहे आणि तिने तुमचा संताप होतो. अडचण अशी, की दुसरी मान्य करावी लागेल या भीतीने तुम्ही पहिलीही मान्य केलेली नाही. ‘मी जे पाहिले त्यावर निर्णय दिला’ एवढेच तुम्ही सर्वांना सांगत आहात. ते वाक्य खरे आहे, पण ते अपुरे आहे, आणि अपुरे आहे हे गावाला कळते. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. तुम्हीही ती पाहिली असणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. असे असताना तुम्ही गप्प राहता, तेव्हा त्या गप्प राहण्याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात, आणि माणसाच्या मौनाचा चांगला अर्थ लावण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

आता निर्णय कसा चुकला असेल, ते पाहू. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. तुम्हाला ते लोकांना नीट सांगता यावे म्हणून लिहिते. राखीव क्षेत्र हे स्पर्श झाल्यावरच खेळाचा भाग होते. म्हणून पंचाला एकाच क्षणी दोन जागी पाहावे लागते: वर, बोटे कोणाला लागली का, आणि खाली, पाय कोठे पडला. दोन्ही गोष्टींमध्ये डोळ्याची पापणी लवण्याइतकेही अंतर नसते. नियमांच्या पुस्तकानुसार सामन्याला एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन साहाय्यक असतात. तुमच्या सामन्यात समोरच्या बाजूचे पंच खेळाडूंच्या गर्दीमुळे काही पाहू शकले नाहीत, असे तुम्ही लिहिता, आणि त्यामुळे सगळा भार तुमच्या दोन डोळ्यांवर आला. मोबाईल तुमच्या पाठीमागे, उंचावर, ओट्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात होता. त्याला खांदा दिसला. तुम्हाला त्याच क्षणी पाय दिसत होता. एवढे साधे ते आहे.

तुम्हाला हांगझोऊचा सामना आठवत असेल. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत असताना पवन सेहरावत चढाईला गेला, स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तेथे गेले. कोणाला बाद धरायचे, जुना नियम लावायचा की नवा, यावर निर्णय पुन्हा पुन्हा फिरला, दोन्ही संघांच्या खेळाडूंनी आळीपाळीने मैदानातच बैठक मारली आणि खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. तेथे सर्व कोनांतून कॅमेरे होते, निवडलेले अधिकारी होते, आणि वाद नेमका याच एका मीटरच्या पट्ट्यावरून झाला. गावच्या मैदानावर, हॅलोजनच्या उजेडात, रात्री दोन वाजता तुमच्याकडून याच पट्ट्यावर एक स्पर्श सुटला. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लपवले तर मात्र लाज वाटू लागते, आणि तुमच्या पत्रात ती जागोजागी दिसते.

आता मी ज्या गोष्टीपर्यंत येण्यासाठी इतके लिहिले, तिच्याकडे येते. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे, पण ती वाचता येते: ‘शिट्टी वाजवताना क्षणभर मनात आले, की आपल्या पोराच्या बाजूने दिला तर ते गाव काय म्हणेल.’ ही ओळ खोडलीत म्हणून तुम्हाला झोप येत नाही, असे मला वाटते. गाव म्हणते तशी लबाडी तुम्ही केली नाही. पण आपण पूर्ण मोकळ्या मनाने निर्णय दिला का, याची तुम्हाला स्वतःलाच खात्री नाही, आणि गावाचा खोटा आरोप नेमका त्या दुखऱ्या जागी बसतो.

गर्दीचा पंचावर परिणाम होतो, हे आता केवळ अनुभवाचे बोल राहिलेले नाहीत. २०२० मध्ये महामारीमुळे युरोपातील फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांत खेळवले गेले, तेव्हा यजमान संघाला पंचांकडून नकळत मिळणारे झुकते माप कमी झाल्याचे आणि पाहुण्या संघाला आधी जी जास्त पिवळी कार्डे मिळत, तो फरक घटल्याचे अनेक अभ्यासकांना आढळले. ते पंच अप्रामाणिक नव्हते. हजारो माणसे एका सुरात ओरडतात तेव्हा त्या आवाजाचे वजन माणसाच्या निर्णयावर पडते, आणि पडले हे त्यालाही कळत नाही. तुम्ही तुमच्या गावाच्या आरड्याओरड्यापुढे वाकला नाहीत. पण मैदानावर आणखी एक गर्दी होती, जी ओरडत नव्हती. ती समोरच्या गावाची, तुमच्या शाळेतील सहकाऱ्यांची, तालुक्यातील इतर पंचांची होती. आणि ‘गुरुजी आपल्या पुतण्याला वाचवतात’ असे त्यांनी म्हणू नये, याची तुम्हाला काळजी होती. कानांवर एका गावाचा आवाज होता आणि मनात दुसऱ्या गावाचा. माणूस पहिल्यापासून सावध राहतो. दुसऱ्यापासून सावध राहणे फार अवघड असते, कारण तो आपल्याला आपल्या प्रामाणिकपणाचाच आवाज वाटतो.

याबाबतीत मी तुम्हाला माझ्या घरातील एक गोष्ट सांगते. माझे वडील शिक्षक होते आणि चौथीत मी त्यांच्याच वर्गात होते. शुद्धलेखनाच्या वहीत इतर मुलींना जेथे दहापैकी नऊ गुण मिळत, तेथे मला साडेआठ मिळत, आणि का, हे मी कधी विचारले नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा जेवताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. ‘तुला मी अर्धा गुण कमी देत असे. मास्तरांची पोर म्हणून पुढे गेली, असे कोणी म्हणू नये, याची धास्ती होती. ते चूकच होते,’ असे ते म्हणाले. त्या अर्ध्या गुणाने माझे काही अडले नव्हते. पण चौथीतली ती मुलगी स्वतःला कायम थोडी कमी समजत राहिली होती, आणि ते बोलल्यावर तिला पहिल्यांदा कळले की उणीव तिच्यात नव्हती. तुमचा पुतण्या आज वीस वर्षांचा आहे. त्याने स्पर्श केला होता, त्याच्या बोटांना तो कळला होता, आणि ज्या माणसाचा हात धरून तो लहानपणी मैदानावर जायला शिकला, त्यानेच स्पर्श झाला नाही असे सर्वांसमोर सांगितले. गटावर त्याने एक अक्षरही काढले नाही, याचा अर्थ तो रागावला नाही असा मी लावणार नाही. कदाचित सगळ्या गावात तुमच्याकडून काहीतरी ऐकण्याची वाट पाहणारा तो एकटाच असेल.

तरीही, खोडलेल्या त्या ओळीवरून स्वतःला शिक्षा सुनावू नका. मनात एक विचार येऊन गेला म्हणजे निर्णय त्यानेच ठरवला, असे सिद्ध होत नाही. तो विचार आला नसता तरी तुम्हाला तो स्पर्श दिसला नसता, हेही शक्य आहे. हे तुम्हाला कधीच निश्चित कळणार नाही, आणि ती चित्रफीत आणखी चाळीस वेळा पाहिली तरी कळणार नाही, कारण तिच्यात खांदा दिसतो, तुमचे मन दिसत नाही. ज्याचा निवाडा करता येत नाही, ते प्रामाणिकपणे सांगून टाकणे एवढेच आपल्या हातात असते.

आपल्या गावाच्या सामन्याला उभे राहू नका, असे मी म्हणते ते यासाठीच. क्रिकेटमध्येही हीच गोष्ट समजायला बराच काळ गेला. यजमान देशाचेच पंच असायचे आणि प्रत्येक दौऱ्यानंतर संशयाची राळ उडायची. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीला लाहोरमध्ये दोन भारतीय पंच उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत घरचे पंच लबाड असतात म्हणूनच आली, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. घरच्या पंचाने घरच्या बाजूने दिलेला योग्य निर्णयही संशयास्पद दिसतो, आणि विरुद्ध दिलेला योग्य निर्णयही घरच्यांना फितुरी वाटतो. त्या कात्रीतून पंचाची सुटका व्हावी, हाही तिचा हेतू होता. तुम्ही त्या रात्री त्या कात्रीत स्वतःहून शिरलात. मंडळाने आग्रह केला, वेळ थोडा होता, सामना खोळंबला होता, हे सर्व मला समजते. तरी ‘हा सामना माझ्याच गावाचा आहे, मी उभा राहणार नाही, पाऊण तास थांबा आणि शेजारच्या गावातून पंच बोलवा’ असे म्हणण्याचा अधिकार त्या मैदानावर फक्त तुम्हाला होता आणि तो तुम्ही वापरला नाहीत. माझ्या मते त्या रात्रीची तुमची खरी चूक हीच. स्पर्श न दिसणे ही तिच्या नंतरची आणि तिच्याहून लहान चूक आहे. आज तुम्हाला नावे ठेवणारे मंडळाचे पदाधिकारीही त्या मोठ्या चुकीत सामील होते, हे त्यांना शांतपणे आठवून द्यायला हरकत नाही, पण ते नंतर, स्वतःची चूक सांगून झाल्यावर.

चुकीची कबुली दिली तर पुढे आपल्या कोणत्याच निर्णयावर लोक विश्वास ठेवणार नाहीत, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. अमेरिकेतील एका पंचाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. बेसबॉलमध्ये गोलंदाजाने समोरच्या संघाचे २७ फलंदाज एकालाही पहिल्या तळावर पोहोचू न देता लागोपाठ बाद केले, तर तो परिपूर्ण सामना मानला जातो, आणि शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात असे फार थोड्या वेळा घडले आहे. २ जून २०१० रोजी डेट्रॉईटमध्ये अर्मांडो गॅलरागा याने २६ जणांना बाद केले होते. सत्ताविसावा फलंदाजही स्पष्ट बाद होता, पण पंच जिम जॉईस यांनी तो सुखरूप पोहोचल्याचा निर्णय दिला. सामना संपल्यावर त्यांनी चित्रण पाहिले, त्या तरुण खेळाडूला भेटायला बोलावून घेतले आणि रडत रडत त्याची माफी मागितली. पत्रकारांसमोरही त्यांनी आडवळण न घेता आपण चुकलो असे सांगितले. निर्णय बदलला नाही. तो विक्रम गॅलरागाच्या नावावर आजही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर संघाची यादी पंचांच्या हातात द्यायला स्वतः गॅलरागा गेला, जॉईस यांनी डोळे पुसले, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात खेळाडूंमध्ये घेतलेल्या एका पाहणीत सर्वोत्तम पंच म्हणून पहिले नाव जॉईस यांचेच आले. ज्यांच्यावर रोज निर्णय दिले जातात त्यांना पंच कधीच चुकत नाही अशी अपेक्षा नसते. चुकल्यावर तो काय करतो, हे ते पाहत असतात.

येथे एक गोष्ट ओघात सांगते, कारण गाव ती विसरले आहे. १९८० मध्ये वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिले असताना चेंडू बॅटला लागला नाही असे वाटल्याने भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले. त्यानंतर टेलर आणि बोथम यांच्या भागीदारीने सामना फिरला आणि भारत दहा गड्यांनी हरला. पंचाची चूक दुरुस्त करण्याची ताकद कधीकधी खेळाडूंच्याच हाती असते. त्या रात्री ज्याच्या खांद्याला बोटे लागली, त्या समोरच्या गावाच्या मुलालाही काहीतरी जाणवले असण्याची शक्यता आहे. मात्र तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवू नका आणि गावातील कोणालाही दाखवू देऊ नका. धक्काबुक्कीत त्याला कळले नसेलही. शिवाय तो स्पर्श धरला असता तरी सामना २५-२५ असा बरोबरीत सुटून पाच-पाच चढायांवर गेला असता. तुमचे गाव जिंकलेच असते, हे आज छातीठोकपणे सांगणारे लोक न झालेल्या दहा चढायांचा निकाल सांगत आहेत. चषक समोरच्या गावाकडे आहे, तो तेथेच राहील, आणि तुमच्या कबुलीने त्यांच्या विजयाला कमीपणा येणार नाही याचीही काळजी तुम्हीच घ्यायची आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. आधी पुतण्याकडे जा. भावाकडे नंतर, आणि मंडळाकडे सर्वांत शेवटी. व्हॉट्सॲप गटावर एक शब्दही लिहू नका. लिहिलेल्या माफीची पाच मिनिटांत चिरफाड होते आणि समोर बसलेल्या माणसाची करायला बहुतेकांची जीभ रेटत नाही. पुतण्याला एवढेच सांगा: ‘तुझी बोटे लागली होती. मला ती दिसली नाहीत. मी चुकलो.’ यापुढे ‘पण’ लावू नका. उजेड कमी होता, दुसऱ्या पंचांना दिसले नाही, मंडळाने गळ घातली, ही कारणे खरी असली तरी त्याच्यापुढे ती मांडू नका, कारण त्याच्या दृष्टीने ती सगळी स्वतःच्या बचावाचीच ठरतील. त्यानंतर, जमल्यास, खोडलेली ती ओळही त्याला सांगा: ‘लोक काय म्हणतील असे त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेले. त्यामुळे निर्णय बदलला का, हे मला ठाऊक नाही.’ हे सांगणे फार कठीण आहे आणि याचा उपयोग कोणीतरी तुमच्याविरुद्ध करील, अशी भीती तुम्हाला वाटेल. तो करील असे मला वाटत नाही. त्याने ऐकून घेतले आणि काही न बोलता उठून गेला, तर त्यालाही तेवढा अधिकार आहे.

थोरल्या भावाचा राग मुलासाठी आहे. त्याच्यापुढे नियमांचे पुस्तक उघडू नका. ‘मी पोराला सांगितले आहे’, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले. बाकीचे घरातल्या बायका जितक्या सहज जुळवून आणतील तितके तुमच्याने होणार नाही, आणि तुमच्या पत्नीने तसे सुचवलेही आहे असे तुम्हीच लिहिले आहे. तिचे ऐका.

मंडळाच्या बैठकीत मात्र उभे राहून दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा: निर्णय चुकला, आणि तो मी कोणाकडे पाहून दिला नव्हता. पहिली सांगताना मान खाली गेली तरी चालेल, दुसरी सांगताना जाऊ देऊ नका. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, आणि त्या पाचांपैकी एकाला पंच म्हणतो. त्या शब्दात कधीही न चुकण्याची अट कोठे नाही. काहीजण ऐकणार नाहीत. पालखीला खांदा द्यायला पुढल्या वर्षी बोलावणे येईलच, असे आश्वासन मी तुम्हाला देऊ शकत नाही. गावकीचा अबोला एका बैठकीने सुटत नाही. तो कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी आजारपणात, हळूहळू सैल होतो. तोवर पेण, रोहा, मुरुड येथील स्पर्धांना जात राहा. पुढच्या हंगामात पहिली शिट्टी हातात घ्याल तेव्हा हात थरथरेल, आणि तरीही ती वाजवावी लागेल.

ही भेट या रविवारीच घ्या, संध्याकाळी, मुले सरावाला येण्यापूर्वी, मैदानाच्या कडेला. जाताना मोबाईल घरी ठेवा. चित्रफीत दाखवण्याची गरज पडणार नाही. आपली बोटे त्या खांद्याला लागली होती, हे त्याला त्या रात्रीपासूनच ठाऊक आहे.